चौदा वेळा ‘हाव’

डोकं फिरलंय माझं, आधीच सांगते. मी मुग्धा, मूळची नांदेडची, लातुरात चिनी भाषेचा क्लास घेते. शिवकन्या माझी विद्यार्थिनी, जळकोटकडच्या शेतकऱ्याची पोरगी. पहिल्या एसटीनं यायची, जाग्यावर बसायच्या आधीच वही उघडायची. एमआयडीसीतल्या एका तेल गिरणीत चिनी यंत्रं आली, दुभाषी पाहिजे होता. वडिलांनी, शेषेरावांनी, तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिलेली. नोकरी नाही लागली तर लग्न.

क्लासात माझा एकच धोशा, शब्द वाढवा. रोज पंधरा नवे. तिच्याच बॅचच्या सर्वेशनं दोन हजार घोकले. शिवकन्या सहाशेवर अडली, पण कुठल्या चिनी माणसाशी फोनवर बोलायला बसली की हटायची नाही. तरी मी तिलाच बोलायचे, की तुझे शब्द लई कमी पडतात.

मुलाखत अशी होती. चीनमधला इंजिनिअर फोनवर यंत्राचा पट्टा कसा बसवायचा ते सांगणार, उमेदवारानं ते गिरणीतल्या रामलिंग फिटरला मराठीत सांगायचं. पुण्याहून आलेला परीक्षक चिनी शब्द मोजणार. सर्वेशनं पाठ केलेलं भाषण ओकलं, रामलिंग नुसता बघत बसला. शिवकन्येनं ऐकलं, अडलं तिथं विचारलं, फोनवर ‘हाव, हाव’ म्हणत लिहून घेतलं. रामलिंगनं तिथंच पट्टा बसवला.

आणि निकाल काय? सर्वेशची निवड. शिवकन्येच्या कागदावर शेरा, ‘शब्दसंपत्ती तोकडी. चौदा वेळा मराठी शब्द वापरला.’

कोणता मराठी शब्द? ‘हाव’. आमच्याकडं ‘हो’ला ‘हाव’ म्हणतात. अरे शहाण्या, चिनीतही ‘बरं’ म्हणायला ‘हाव’च म्हणतात. सर्वेशनं तोच शब्द तीनदा वापरला, तो बरा चिनी म्हणून मोजला. ही दारात शिपायाला “हाव, बसते” म्हणाली, तेवढ्यावर या परीक्षकानं तिला खेडवळ ठरवून टाकलं. मी फोन करून त्याला झाडलं. निकाल बदलत नाही म्हणाला, आणि फोन ठेवला.

शिवकन्येला हे सांगतानाही माझं तोंड थांबेना. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“रविवारी मला बघायला पाहुणे येऊन राहिलेत,” ती म्हणाली. “त्या माणसाला कशाला शिव्या देता मॅडम? शब्द मोजायचं तुम्हीच शिकवलं की आम्हाला.”