दर रविवारी बुडणारं विमान

गल्लीतले लोक त्याला पायलट म्हणायचे. होता तो वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा. खांद्याला हत्यारांची पिशवी, गुडघ्यांत लोकांच्या न्हाणीघरांची ओल, आणि परक्यांचे जिने चढून चढून मेटाकुटीला आलेला जीव. पण घरातल्या मागच्या खोलीत त्याने विमान बांधलं होतं. अख्खं नाही हो, नुसती पुढची, चालकाची जागा. प्लायवूडची भिंत, भंगारातून आणलेली मोटारीची सीट, समोर जुना टीव्ही आणि पायाशी घरघरणारा कॉम्प्युटर. टीव्हीत आभाळ दिसायचं. याने दांडा ओढला की खालची शेतं तिरकी व्हायची.

बटणं सगळी मोडीत निघालेल्या मशिनींची. इंजिन ज्या बटणाने सुरू व्हायचं त्याच्यावर लोकरीच्या गुंड्याचं चित्र अजून तसंच होतं. वेग वाढवायची दांडी म्हणजे बायकोच्या कुकरची मूठ. ती बिचारी घरभर शोधून दमली, आणि मूठ सापडली तेव्हा ती आभाळात उडत होती.

रविवारी जेवण झालं की स्वारी विमानात. उडवायचा मात्र झकास. ढगांच्या वर गेलं की विमान आपलं आपण चालतं, चालकाला काही काम नसतं. तिथेच घात व्हायचा. आठवडाभराचा शीण त्या सीटवर येऊन बसायचा, मान कलायची, आणि घोरणं सुरू. विमान जायचं तसंच पुढे, तेल संपेपर्यंत. मग समुद्र.

संध्याकाळी चहा ठेवता ठेवता बायको विचारायची, "आज कुठे बुडवलंत?"

"समुद्रातच."

"माणसं होती का आत?"

"रिकामं होतं गं."

"तेवढं बरं केलंत. घ्या, चहा घ्या."

इतकी वर्षं झाली, पण विमान एकदाही जमिनीला टेकलं नव्हतं.

आणि अशात त्याचा बाप पडला. म्हातारा जन्मभर बसवर ड्रायव्हर. घसरला तो घराच्या पायरीवरून, खुबा मोडून घेतला. सोमवारी दवाखान्यातून सुटायचा होता, आणि जिना चढणं आता या जन्मी नव्हतं. खालची खोली एकच, मागची.

तोच बायकोला म्हणाला, "खोली मोकळी करतो."

"मी म्हटलं का काही?"

"तू कशाला म्हणशील? कॉट दुसरीकडे मावणार आहे का?" मग खाली बघत म्हणाला, "एकदा उतरवतो फक्त. मग खोलतो सगळं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. सायकल मागणाऱ्या पोरासारखा चेहरा झाला होता या एवढ्या बाप्याचा.

"मी बसते शेजारी," ती म्हणाली. "पेंगलात की चिमटा काढीन, चांगला पीळ देऊन."

तर रविवारी दुपारी दोघं विमानात बसली. तो डावीकडे सीटवर, ती उजवीकडे स्टुलावर. ती दवाखान्यात चादरी बदलायच्या कामाला होती. सासऱ्याला आणायला सोमवारी सुट्टी हवी म्हणून शनिवारी दोन पाळ्या ओढून आली होती. तरी ढगांवर गेल्यावर तिने दोनदा चिमटा काढला, आणि एकदा उगाचच.

"अगं, जागा आहे मी!"

"माहीत आहे. हाताला सवय लागली."

त्याला हसू आलं. झोप पळाली. ढग मागे पडले, खाली नदी आली, आणि लांबवर धावपट्टी दिसली, कपाळावरच्या टिकलीएवढी.

विमान उतरवायचं तर आधी पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली सोडाव्या लागतात, नाहीतर वेगच मोडत नाही. त्या पट्ट्यांना त्याने जुन्या मशीनचं टायमरचं गोल बटण लावलं होतं. ते नुसतं फिरवून पाहिलं तरी असं करकरायचं, की शेजारच्या घरातून विचारायचे, धुणं टाकलंत का? दुसरं कुणी साधं बटण लावलं असतं. याला हाताच्या सवयीचं तेच आवडलं. आणि ते होतं उजव्या बाजूला.

"आता बघ हं," म्हणत त्याने हात लांबवला.

तिचं डोकं त्याच्या खांद्याला टेकलेलं. तोंड जरासं उघडं, हात मांडीवर, औषधाच्या पाण्याने सोललेले. बटण तिच्या कानाशी. चमचा पडला तरी दचकून उठणारी बाई.

त्याने हात मागे घेतला. धावपट्टीवरून एक चक्कर मारली. उठेल आपसूक, मग उतरवू. दुसरी मारली. तेलाचा लाल दिवा लागला, तसा त्याने आवाजच बंद करून टाकला, भोंगा वाजायला नको. आणखी एक चक्कर. ती काही हलेना. त्याचा खांदा बधिर झाला होता.

विमान धावपट्टीच्या अलीकडे एका शेतात पडलं, अगदी चिडीचूप. टीव्ही काळा झाला.

मग त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि डाव्या हाताला जेवढे स्क्रू पोचत होते तेवढे, एकेक करून, सोडवायला लागला.

सोमवारी म्हातारा आला. कॉट भिंतीला लागली, मोटारीची सीट खिडकीपाशी राहिली, बसायला बरी म्हणून. म्हाताऱ्याने खोलीभर नजर फिरवली. "काय रे, ते तुझं विमान उतरलं का शेवटी?"

पायलट कॉटखाली वाकून पायाचा नट आवळत होता.

बायको चादरीचे कोपरे खोचत होती. "उतरलं की बाबा," ती म्हणाली. "मी होते ना शेजारी. इतकं अलगद उतरवलं यांनी, मला धक्कासुद्धा लागला नाही."

कॉटखाली पाना थांबला.

"असं?" म्हातारा उशीला टेकला. "मी जन्मभर बस चालवली. असं एकदा कुणी म्हणालं नाही मला."