टोळीचा एकच फोन

पाथर्डीच्या स्टँडमागं सत्यशीलाचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याखाली एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि तिची तिखट जीभ. ऊसतोड्याची पोर, फडाशेजारच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत वाढलेली. वेबसाईट करायचं काम ती कुठल्या कॉलेजात शिकली नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून, चुकत, स्वतःलाच शिव्या घालत शिकली. त्यामुळं कुणी तिच्या कामाला नाव ठेवलं की तिच्या नाकावर लगेच राग येतो.

टोळ्या ऊस तोडायला गेल्या की मागं राहिलेल्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालतं. तिथं नाव लागायला आईबापाच्या संमतीचा अर्ज लागतो. अर्ज पीडीएफ. डाउनलोड करा, छापा, भरा, तालुक्याला आणून द्या. आता काष्टीच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईनं प्रिंटर कुठं शोधायचा, सरीत? कचेरीला हा प्रश्न कधी पडला नाही. पडणार कसा? त्यांची पोरं कुठं पाचटात झोपतात!

सत्यशीलानं त्याच कोऱ्या पीडीएफवर आपल्या प्रोग्रामनं भरायच्या चौकटी बसवल्या आणि तळाला एक बटण: ‘पाठवा’. दाबलं की भरलेला अर्ज थेट तिच्या वेबसाईटवर. आधी मोबाईलवर बटण नुसतं दिसायचं, दाबलं तरी मख्ख. मग कुठल्या ॲपमध्ये ते चालतं हे तिनं हुडकलं आणि टोळ्या निघायच्या आधी मुकादमांच्या फोनात स्वतः टाकून दिलं. कचेरी हो-ना करत तयार झाली. अट एकच, अर्ज आईबापानंच भरायचा, दुकानात बसून दुसऱ्यानं नाही.

आज यादीचा शेवटचा दिवस. पाच वाजता यादी बंद. कचेरीत द्यायला छापील गठ्ठा करावा म्हणून दुपारी सत्यशीलानं वेबसाईट उघडली. कारभारी मुकादमाच्या टोळीतून एकच अर्ज होता, वैजनाथचा. बाकीचे गेले कुठं? मनकर्णेचा कुठं? मनकर्णेची पंकजा नववीत. चुलतीकडं चार दिवसांच्या बोलीवर ठेवलेली. नाव लागलं नाही तर रविवारी बाप येऊन तिला फडावर नेणार, हे ठरलेलं होतं.

तिनं फोन लावला. “कारभारीमामा, अर्ज का नाही भरले?”

“भरले की! समद्यांनी माझ्याच फोनवरून भरले. दर वेळी ‘अर्ज पोहोचला’ असं आलं.”

“मग इथं एकच कसा? का पोरी फडावर आल्या तर मोळ्या वाहायला बऱ्या, म्हणून बसवलं सगळ्यांना गप?”

“ए सत्ये! जिभेला हाड हाय का? माझी नात हाय त्यात. तुझं मशीनच खोटं!”

फोन कट.

मशीन खोटं! ती तणतणत प्रोग्राम वाचायला बसली. वाचता वाचता तिचे कान तापले. एकानं दोनदा बटण दाबलं तर दोन अर्ज नकोत, म्हणून तिनं ओळख मोबाईल नंबरावर ठेवली होती. त्याच नंबरावरून नवा अर्ज आला की जुना पुसायचा. आणि टोळीत नंबर कुणाचा लिहितात? मुकादमाचा. कारण फडात रिचार्ज असलेला फोन त्याच्याचकडं. मनकर्णेचा अर्ज पुढच्यानं पुसला, त्याचा त्याच्या पुढच्यानं, शेवटी उरला वैजनाथ. स्वतः सत्यशीलाचं लहानपण मुकादमाच्या फोनवर येणाऱ्या निरोपांत गेलं होतं. हे दुसरं कुणी विसरलं असतं तर तिनं त्याला उभा सोलला असता.

तेवढ्यात कचेरीतून गहिनीनाथचा फोन. ऊसतोड कामगार संघटनेचा माणूस, क्लार्कनं यादी लवकर गुंडाळू नये म्हणून तिथं ठाण मांडून बसलेला.

“ताई, ये लवकर. क्लार्क कुलूप हातात घेऊन बसलाय.”

“अर्ज पुसले गेलेत. माझ्या हातनं.”

“मग तूच भर तिथनं. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय. उद्या एकानं बोट दाखवलं तर सगळ्या टोळ्यांचे अर्ज फेकतील. तू त्याला बोलण्यात गुंतव.”

“अगं, किती भांडू? मुद्दे संपले माझे!”

“पहिल्यापासून सुरू कर.”

तिनं ओळख बदलली: नंबराबरोबर मुलाचं नाव. आणि ‘अर्ज पोहोचला’च्या जागी नावानिशी उत्तर ठेवलं. मग कारभारीला फोन. वाजला, कट झाला. पुन्हा वाजला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा त्यानं उचलला.

“आता काय राह्यलं बोलायचं?”

“मामा, चूक माझी. शिव्या द्या, पण फोन ठेवू नका. सगळ्यांना पुन्हा भरावं लागंल. आत्ता.”

“गाडी उभी हाय फडात! निम्मी भरलीया. डायव्हर बोंबलतोय. कारखान्यावर रांगेतला नंबर गेला तर तू देतीस का?”

पलीकडं बाईचा आवाज आला, मनकर्णेचा. “मुकादम, फोन द्या हिकडं. न्हाईतर मी मोळी उचलीत न्हाई.”

“आगं, पर गाडी...”

“गाडीला चाकं हायती, थांबंल. माझी पोर थांबायची न्हाई.”

मग पलीकडून नुसता खरखराट आणि फोन कट.

सत्यशीला पडद्याकडं डोळे लावून बसली. एक अर्ज आला. बऱ्याच वेळानं दुसरा. प्रिंटर करकरत कागद ओकू लागला. पाच वाजायला आले तसे एकामागं एक आले, कारभारीच्या नातीचाही आला. पंकजाचा नाही. गहिनीनाथचा फोन वाजत होता, तिनं उचलला नाही. कारभारीला लावला.

“मामा, मनकर्णामावशी?”

“तिनं समद्यांना आधी दिला, येडीनं. आता भरतीया, फोन स्पीकरवर टाकलाय. बॅटरी लाल झालीय, गाडीच्या केबिनीत चार्जिंगला लावून भरतीया. डायव्हर शिव्या देतोय, मी त्याला देतोय... थांब, दाबलं तिनं.”

काही नाही. पडदा तसाच.

“आलं का न्हाई?”

“नाही अजून.”

“रेंज! आगं, फोन वर धर, वायरीसकट!” तो ओरडला. मग एकदम त्याचा आवाज बदलला आणि साऱ्या फडाला ऐकू जाईल असं तो वाचू लागला, “‘पंकजा अजिनाथ ढाकणे यांचा अर्ज पोहोचला.’ मनकर्णे, नाव आलंय. तुझ्या पोरीचं नाव आलंय बघ!”

कागद प्रिंटरमधून पुरता बाहेर पडायच्या आत सत्यशीलानं ओढला. खालची कड फाटली. फाटू दे. गठ्ठा छातीशी धरून ती रस्ता ओलांडत समोरच्या कचेरीकडं धावली. कानाशी फोन अजून चालूच होता.

“आता गाडी भरू का, मॅडम?” कारभारी विचारत होता. “का अजून काही पुसायचं राह्यलंय तुमचं?”

“भरा मामा,” ती धापा टाकत म्हणाली. दारात क्लार्कच्या हातातलं कुलूप गहिनीनाथनं धरून ठेवलं होतं.