तीन हेराल्ड, पंप एकच

ज्याची गाडी धड चालते त्याच्याकडे सांगायला असतं काय? निघालो, पोचलो, संपलं. आमच्याकडे किश्शांना तोटा नाही, कारण आमच्याकडे जुन्या हेराल्ड मोटारी होत्या! जळगावात माझी, एरंडोलला आबांची आणि धुळ्याला नानांची. मी स्टेशनरीचा दुकानदार, आबा कपाशीवाले शेतकरी, नाना हायस्कूलात ड्रॉइंग मास्तर. नव्वदच्या आसपासचे दिवस. पार्ट मिळणं कधीच बंद झालेलं. लोक आमच्याकडे बघून चुकचुकायचे आणि आम्ही त्यांनाच बसायचा आग्रह करायचो.

*

तिघांत मिळून धड असा फ्युएल पंप एकच. ज्याला गरज पडेल त्याच्याकडे तो गोणपाटात बांधून एसटीने जायचा. जळगाव-धुळे गाडीचे कंडक्टर त्याला ओळखायला लागले होते. एकाने तर विचारलं, "आज पाहुणे कुणीकडे?"

त्यामुळे तिघांच्या गाड्या एकाच दिवशी चालू आहेत, असं कधी झालंच नाही.

*

हेराल्डचं बॉनेट उघडलं की दिवे आणि मडगार्डसकट अख्खं तोंडच पुढे उलटतं. पारोळ्याजवळ आबांनी ते उघडलं आणि चाकावर बसून प्लग साफ करायला लागले. मागून एसटी आली, करकचून थांबली. गाडीचं तोंडच उडालं असं वाटून "पुढलं बठ्ठं उडी गयं!" म्हणत निम्मी एसटी खाली उतरली. एका बाईने आबांचं डोकं धरलं, दुसरीने त्यांच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली.

आबा निवांत प्यायले. रिकामी बाटली पुढे करत म्हणाले, "पानी गार शे. आखो शे का?"

*

भंगार बाजारात पहिला नियम, आनंद दाखवायचा नाही. नाक मुरडायचं, निघायचं नाटक करायचं. हा नियम आम्हाला शिकवला नानांनीच. मग एके दिवशी धुळ्यात ट्रॅक्टरच्या चाकाखाली त्यांना हेराल्डचा मागचा दिवा दिसला. काचेसकट, कोरा करकरीत! नानांनी थेट भंगारवाल्यालाच मिठी मारली.

मिठी सुटायच्या आत भाव दुप्पट झाला होता.

*

आणि मग नानांचा गिअरबॉक्स गेला. तोही गौरीचं, त्यांच्या मुलीचं, लग्न ठरल्यावर! पोरीचा लहानपणापासून एकच हट्ट, सासरी जाईन तर आपल्या हेराल्डमधून. तिची आई म्हणाली, "जावयाला पहिल्याच दिवशी धक्का मारायला लावाल." एरवी नाना सगळ्यात मोठ्याने हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत, आणि आम्हाला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात धरणगावात एका हेराल्डचा पत्ता लागला. सरकीच्या गोदामात उभी, टपावर कोंबड्या, पण गिअरबॉक्स शाबूत! मालक जाऊन बरीच वर्षं झालेली. मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. नानांनी त्यांना गौरीच्या लग्नाचं सगळं सांगितलं. अक्का विकायला तयार झाल्या, पण अट घातली.

"ही गाडी आठे चालत उनी व्हती, चालतच जाई. बैलगाडीले बांधीसन नही."

झालं! म्हणजे आधी ती गाडी चालू करायला हवी. माझ्या गाडीचा कार्ब्युरेटर काढला, आबांच्या गाडीचा रेडिएटर काढला, नानांच्या गाडीची चारी चाकं आणि बॅटरी काढली. पंप तर होताच. नानांची गाडी विटांवर, आमच्या दोघांच्या जागच्या जागी मुक्या. पण गिअरबॉक्स मिळणार म्हटल्यावर त्याचं काय! सगळं अक्कांच्या गाडीला बसवलं, नानांनी चावी फिरवली आणि गाडी बोलली! कोंबड्या उडाल्या, नाना रडले, मी आणि आबा चक्क नाचलो.

अक्का डोक्यावर पदर घेऊन मागच्या सीटवर येऊन बसल्या. "आधी पद्मालयले चला."

गेलो. गणपतीचं दर्शन घेतलं. रस्ताभर नाना गिअर बदलायचे आणि आमच्याकडे वळून मान डोलवायचे. लोण्यातून सुरी फिरावी तसा गिअर पडत होता.

परत गोदामाशी आलो. नाना उतरले आणि अक्कांसाठी दार उघडून उभे राहिले. अक्का काही उतरेनात. सीटवरून हात फिरवत बसल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या,

"इतली चांगली चालस. मंग इकू कसाले? लगननी तारीख सांगा, मी गाडी लईसन येसू."