टोपल्यातले तांदूळ

धरमपेठेच्या पलीकडे, तलावाच्या काठाला आज जी फ्लॅट स्कीम उभी आहे, तिची पाटी आधी लागली होती आणि इमारत नंतर आली. पाटीवर लिहिलं होतं, ‘तलावदर्शनी आलिशान सदनिका’. दर्शन म्हणे! आम्ही जन्मापासून त्या तलावात तोंड धूत आलो, पण नुसतं त्याच्याकडे पाहायचेही पैसे पडतात हे आम्हाला त्या पाटीनं सांगितलं. तेव्हा मी लग्नाच्या वयाची होते. आमचं घर पाटीच्या बरोबर मागे होतं.

आम्ही ढिवर, पाण्यावर पोट भरणारे. काठावर आमची मोजकीच घरं, कुडाच्या भिंती आणि वर कवेलूचं छप्पर. बाबा डोंग्यात बसून तलावातले शिंगाडे तोडायचे आणि माय ते उकडून बाजारात विकायची. काटे टोचून टोचून बाबांची बोटं कायमची काळवंडली होती. जमीन मात्र आमची नव्हती, जुन्या मालगुजाराची होती. भाडं नव्हतं, कागद तर नव्हताच. होतं ते एक टोपलं.

दर साली शिंगाड्याचा पहिला तोडा मालगुजाराच्या घरी जायचा. माय टोपलं धुवायची, शिंगाडे भरायची, वरून कमळाचं पान झाकायची आणि डोक्यावर घेऊन निघायची. म्हातारी मालगुजारीणबाई शिंगाडे काढून घ्यायची आणि त्याच टोपल्यात पसाभर तांदूळ टाकून परत द्यायची. तांदूळ आले की साल पक्कं. पुढच्या तोड्यापर्यंत आम्हाला कोणी ऊठ म्हणणार नाही. एकदा वस्तीतल्या एका माणसाचं म्हाताऱ्या मालगुजाराशी वाजलं होतं. त्या साली त्याचं टोपलं रिकामं परत आलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं कवेलू उतरवायला घेतली.

मग म्हातारा गेला, मागोमाग म्हातारीही गेली, आणि मुलानं काठची सगळी जमीन बिल्डरला विकून टाकली. बिल्डरचा माणूस स्कूटरवर आला. बोलायला गोड होता, मेला. म्हणाला, दिवाळीच्या आत जो घर खाली करेल त्याला मनीषनगरच्या बाजूच्या लेआऊटमध्ये लहानसा प्लॉट, त्याच्या नावानं, कागदासकट. दिवाळीनंतर काही नाही. तेव्हा तिकडे नुसती वावरं होती आणि रात्री कोल्हे ओरडायचे. तरी प्लॉट तो प्लॉट. वस्तीतली माणसं एकेक करून अंगठे देऊ लागली.

बाबा त्याला म्हणाले, “एवढी घाई काहून करून राहिला गा? मालकाच्या घरून टोपलं येऊ दे. मंग सांगतो.”

तो माणूस हसला. त्याला वाटलं, बाबा भाव वाढवून राहिले.

दसऱ्याच्या आधी पहिला तोडा निघाला. माय टोपलं घेऊन बंगल्यावर गेली आणि आम्ही बापलेक दारात बसून वाट पाहत राहिलो. बाबांनी त्या सकाळी चहासुद्धा घेतला नाही. माय परत आली ती जवळजवळ धावतच. टोपल्यात तांदूळ होते, आणि ते म्हातारी द्यायची तसले जाडेभरडे नव्हते, वासाचे चिन्नोर होते! मालगुजाराच्या मुलाची बायको पुण्याकडची, तिनं आपल्या हातानं ओंजळ भरून घातले होते.

“पाह्य वं!” बाबा मला म्हणाले. “चिन्नोर देल्ला. आता कोन उठवते आपल्याले?”

मलाही खरंच वाटलं. का वाटू नये? आम्ही कधी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. मायनं ते तांदूळ शिजवले नाहीत, फडक्यात बांधून देवाच्या फळीवर ठेवले. बाबांनी बिल्डरच्या माणसाला दारातूनच वाटेला लावलं. शेजारची घरं रिकामी होत गेली, बैलबंड्या भरून माणसं गेली, आणि बाबा त्यांच्याकडे पाहून कीव करायचे. म्हणायचे, भित्रे लेकाचे, टोपलं पाठवायचीही हिंमत झाली नाही यांची. दिवाळीला काठावर आमचा एकट्याचा दिवा होता.

संक्रांत झाली आणि पहारी घेतलेली माणसं आली. बाबा त्यांच्याशी भांडले नाहीत. फळीवरची पुरचुंडी काढली, मला सोबत घेतलं आणि थेट बंगल्यावर गेले. मालगुजाराचा मुलगा व्हरांड्यात पेपर वाचत होता. बाबांनी पायरीवर पुरचुंडी सोडली.

“भैयाजी, हे तांदूळ तुमच्याच घरचे आहेत,” ते म्हणाले. “हे देल्ल्यावर मंग माणसं काहून पाठवली?”

त्यानं तांदळाकडे पाहिलं, मग बाबांकडे. “कशाचे तांदूळ?”

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. आईबाप मेले, जमीन त्याच्याकडे आली, पण टोपल्याची गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नव्हती. बायको आतून बाहेर आली. तिनं तांदूळ ओळखले आणि बिचारी गोंधळलीच.

“अहो, मीच घातले होते,” ती म्हणाली. “बाईंनी इतके छान शिंगाडे आणले. रिकामं टोपलं कसं परत द्यायचं?”

बस. एवढंच होतं. कुठल्याही घरची बाई जे करते, ते तिनं केलं होतं. बाबांनी खाली बसून एकेक दाणा वेचून पुरचुंडी बांधली आणि तिच्यासमोर ठेवली. प्लॉटचं विचारा, असं मी त्यांना वाटेत म्हणाले. विचारलंही त्यांनी बिल्डरच्या माणसाला. दिवाळी गेली, असं उत्तर मिळालं.

त्यानंतर आम्ही भाड्याच्या खोल्यांतून फिरलो. साल पुरं व्हायच्या आत भाडं वाढायचं आणि आम्ही शहराच्या आणखी कडेला सरकायचो. मनीषनगरच्या त्या वावरांत घरं झाली, रस्ता झाला, आणि ज्यांना बाबांनी भित्रे म्हटलं होतं त्यांनी पक्क्या भिंती घातल्या. तिथला प्लॉट आता आमच्या सात पिढ्यांना घेता यायचा नाही. बाबा रिक्षा ओढायला लागले. तलावाकडची सवारी ते घेत नसत.

घरात त्यांनी एकच नियम केला होता. शेजारणीनं वाटीत काही पाठवलं तर ती वाटी धुऊन रिकामीच परत द्यायची. रिकामी वाटी देताना माय शेजारणीच्या तोंडाकडे पाहत नसे. लोक आम्हाला रीत नसलेली माणसं म्हणू लागले, हळूहळू वाट्या येणंच बंद झालं. माझा इतका संताप व्हायचा! पण बाबांपुढे बोलायची सोय नव्हती.

बाबा वारले त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नव्हती. समोरच्या बाईनं पातेल्यासारखा गंज भरून पिठलं पाठवलं. दुसऱ्या दिवशी मायनं गंज घासला, डब्यातून पसाभर तांदूळ काढून त्यात टाकले आणि मला म्हणाली, “जा, देऊन ये.” मी दारापर्यंत गेले असेन, तोच तिनं हाक मारली. माझ्या हातातून गंज घेतला आणि तांदूळ पुन्हा डब्यात ओतले.

“राहू दे वं,” माय म्हणाली. “कोन काय समजून बसन.”