अध्यक्षांचा विलायती सत्कार

लोकशाहीवर अढळ निष्ठा असलेल्या मोजक्या माणसांत माझ्या मामांची गणना करावी लागेल. धुळ्याच्या मोटार सुटे भाग विक्रेत्यांच्या संघाचे ते कित्येक वर्षं अध्यक्ष होते आणि दरवर्षी न चुकता निवडणूक घेत. ती दरवर्षी बिनविरोध होई. हरलेल्या उमेदवाराचं दुःख मामांना बघवत नसे, म्हणून अर्ज भरायची तारीख ते कुणाला कळूच देत नसत.

घरातही सगळे त्यांना अध्यक्षच म्हणत. मामीसुद्धा. "अध्यक्ष, दूध बघा जरा," असं मामी अंगणातून ओरडली की मामा पेपरातून मान वर न काढता "सूचना मान्य" म्हणत. दूध उतू जाई. मग शेगडी कुणी पुसायची हा ठराव मामी एकमताने मंजूर करून घेई.

त्यांच्या रेक्झिनच्या बॅगेत कायम एक शाल आणि एक नारळ असे. "सत्कार कधी निघेल सांगता येत नाही," हे त्यांचं म्हणणं. शाल बहुतेक वेळा तीच. सत्कारमूर्ती घरातली किंवा संघातली असेल तर कार्यक्रम संपल्यावर तिने शाल घडी घालून परत करायची, असा रिवाज होता. "शाल फिरती पाहिजे, भांडवलासारखी. कपाटात पडली की मेली." त्या शालीने मला दहावी पास झालो तेव्हा आणि नोकरी लागली तेव्हा, अशी दोनदा ऊब दिली आहे; दोन्ही वेळा फोटो निघेपर्यंत.

भाषण मात्र शुद्ध मराठीत. अहिराणी ते घरात बोलत, गिऱ्हाइकाशी बोलत आणि रागावले की बोलत. व्यासपीठावर तिला प्रवेश नव्हता. "माईकसमोर माणसानं इस्त्रीचं बोलावं," असं ते मला सांगत.

त्यांचा मुलगा प्रवीण इंग्लंडमध्ये असतो. मुलगी झाली तेव्हा त्याने आईवडिलांना बोलावलं आणि विमानात इंग्रजी बोलायला माणूस हवा म्हणून जळगावहून मलाही. वडिलांचा धंदा लक्षात घेऊन त्याने तिकडच्या जुन्या मोटारींच्या एका भल्यामोठ्या प्रदर्शनाची तिकिटं काढून पाठवली. तिकिटावर 'आपले स्वागत आहे' अशा अर्थाची एक ओळ होती. तेवढ्या भांडवलावर धुळ्याच्या एका दैनिकात बातमी आली: 'धुळ्याच्या सुपुत्रास इंग्लंडचे निमंत्रण'. बातमी मामांनीच लिहून दिली होती. 'सुपुत्र' हा शब्द मात्र संपादकांचा, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

निघण्याआधी संघाने निरोप समारंभ केला. उपाध्यक्ष झुंबरशेठ यांचं टायरचं दुकान होतं आणि अध्यक्षपदावर त्यांचा डोळा होता, हे सगळ्या धुळ्याला ठाऊक होतं. ते आभार मानायला उठले आणि गोड हसत म्हणाले, "भाऊ, तिकडच्या सत्काराचा फोटो घेऊन या. नाहीतर आम्ही समजू, नातीचे लंगोट धुऊन आलात."

सभा खदखदून हसली. मामा ताडकन उठले.

"फोटो आणला नाही तर ही खुर्ची तुमची, झुंबरशेठ!"

"इतिवृत्तात घ्या," झुंबरशेठ शांतपणे म्हणाले.

तर अशा रीतीने संघाचं अध्यक्षपद पणाला लावून आम्ही तिघं इंग्लंडला गेलो.

प्रदर्शन एका जुन्या जमीनदाराच्या हवेलीसमोरच्या मैदानावर होतं; मामी नातीपाशी घरीच राहिली. त्या गवतावर आमच्याकडच्या शिंदखेडा तालुक्यातल्या जनावरांनी अख्खा उन्हाळा काढला असता. तिथे जुन्या मोटारी रांगेने उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या बाजूला घडीच्या खुर्चीवर तिचा मालक थर्मासमधला चहा पीत बसला होता. मोटारीला बोट लागलं की मालकाच्या काळजात कळ येई. एक मिशाळ गृहस्थ मऊ फडक्याने बॉनेट असं टिपत होते, की बाळंतिणीच्या खोलीत डोकावल्यासारखं वाटून मी पाऊल मागे घेतलं. सगळ्यात स्वच्छ इंजिनाला तिथे बक्षीस होतं. इंजिन स्वच्छ ठेवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे ते चालू न करणं, हे तिथल्या परीक्षकांनाही माहीत असावं.

मामांनी मोटारींकडे फारसं पाहिलंच नाही. ते स्टेज शोधत होते. एकदाच थांबले, कारण एका मालकाने अभिमानाने सांगितलं की त्याच्या गाडीतला एकही भाग आजवर बदललेला नाही. मी भाषांतर केलं. मामांचा चेहरा पडला.

"एकबी पार्ट नही? मंग आठला दुकानदारेसनी काय खावं?"

मी हे भाषांतर केलं नाही.

शेवटी वैतागून त्यांनी मला पिवळं जाकीट घातलेल्या एका बाईंकडे पिटाळलं. "ईचार, आठे अध्यक्ष कोन शे?" बाईंनी हसून फाटकाकडे बोट दाखवलं. तिथे गमबूट घातलेला एक म्हातारा दोन्ही हात हलवत येणाऱ्या गाड्या लावून देत होता. आमचीही त्यानेच लावली होती.

"हा अध्यक्ष?" मामा म्हणाले. "पार्किंग करतो?"

प्रवीण म्हणाला, "अप्पा, तुम्ही त्याला शाल द्या, मी फोटो काढतो. काम झालं."

"येडा व्हयना का रे? अशा माणसाले शाल दिसन अध्यक्षपदनी अब्रू घालवू?" मामा कडाडले, बॅग काखेत मारली आणि गर्दीत शिरले. ते गेले ते गेलेच. फोन त्यांनी घरीच ठेवला होता. सत्काराच्या वेळी खिसा फुगलेला दिसू नये म्हणून.

आम्ही खूप शोधलं. प्रवीणचा आवाज बदलायला लागला. वडिलांना इंग्रजी येत नाही, त्यांच्या खिशात पत्ता नाही, वारं बोचरं. शेवटी त्याने चौकशीच्या ठिकाणी नाव दिलं, मला तिथेच उभं केलं आणि तो पुन्हा शोधायला धावला. जरा वेळाने कर्ण्यावरून साऱ्या मैदानभर मामांचं नाव घुमलं. उच्चार भयंकर होता, पण 'मिस्टर' आणि 'धुळे' स्पष्ट होतं.

आणि मला मामा येताना दिसले. पांढरी टोपी सारखी केलेली, चाल संथ, दोन्ही बाजूंच्या लोकांना नमस्कार करत. लोकही बिचारे हसून वाट देत होते. जन्मभर ज्या हाकेची वाट पाहिली ती इंग्लंडच्या कर्ण्यावरून आली होती.

मी जिथे उभा होतो तो तंबू हरवलेल्या मुलांचा होता. आत एक बुटकी लाकडी चौथरी, एक खुर्ची, पिवळ्या जाकिटातल्या बाई आणि टाहो फोडून रडणारी तीन मुलं. मामांनी चौथरी पाहिली आणि तिच्यावर चढले. बाई काही बोलायच्या आत त्यांनी घसा खाकरला.

"सन्माननीय व्यासपीठ, आणि उपस्थित..."

मुलं आणखी जोरात रडू लागली. मामा थांबले. उपस्थितांकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग खाली उतरले, गवतावर मांडी घातली आणि म्हणाले, "रडू नका रे पोरेसहोन. तुमना मायबाप आठेच शेतस. येतीन."

अहिराणीतलं त्यांचं ते पहिलं जाहीर भाषण. विषय काहीच नव्हता. दुकानात शिरलेला बोकड, त्याने खाल्लेलं बिलबुक, त्याच्यामागे पळणारी मामी. मामा मधूनच बोकडाचा आवाज काढत. मुलं एकेक करून गप्प झाली. सगळ्यात लहान मुलगी थंडीने कुडकुडत होती. मामांनी बॅग उघडून तिला शाल गुंडाळली. एकाच्या हातात नारळ दिला. तो मुलगा त्याच्या शेंडीवरून हात फिरवत बसला.

बाईंनी कृतज्ञतेने मामांच्या छातीवर एक गोल रंगीत बिल्ला चिकटवला आणि त्यांचा हात हातात घेतला. मी फोटो काढला; मागे गप्प बसलेली तिन्ही मुलंही त्यात आली. बिल्ल्यावर लिहिलं होतं: 'माझे आईबाबा येईपर्यंत मला इथून हलवू नका.'

तेवढ्यात प्रवीण धापा टाकत आला. डोळे लाल. "अप्पा! कुठे होतात? जीव गेला असता माझा!"

"गप बैस," मामा म्हणाले, "भाषन चालू शे."

त्या लहान मुलीची आई आली, मुलीला उचलून घेऊन रडत, हसत निघाली. शाल मुलीच्या अंगावरच होती. मी मामांकडे पाहिलं. रिवाजाप्रमाणे ती परत मागायची होती.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

परतताना गाडीत त्यांनी छातीवरचा बिल्ला दोनदा सारखा केला. मग मला हळूच म्हणाले, "भाच्या, बिल्लावर काय लिखेल शे?"

"सन्मानचिन्ह आहे, मामा."

"मीबी आठवीलोंग इंग्रजी शिकेल शे," ते म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "फोटो चांगला येल शे ना?"

वार्षिक सभेत फोटो हातोहात फिरला. झुंबरशेठना इंग्रजी चांगलं वाचता येतं. त्यांनी चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला आणि इतका वेळ पाहिला की सभेतली कुजबुज थांबली. मामा समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. मी इतकं ताठ बसलेलं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

झुंबरशेठनी चष्मा काढला. "पुढच्या वर्षासाठी भाऊच. मी सुचवतो."

बाहेर त्यांनी मला गाठलं. "पोरं खरंच गप्प बसली का रे?"

"बसली."

"आमच्या सभेत कुणी बसत नाही," ते म्हणाले आणि चपला घालू लागले.

पुढच्या हिवाळ्यात मामा गेले. झुंबरशेठनी तो फोटो मोठा करून घेतला, खाली सोनेरी अक्षरांत 'इंग्लंड येथे सन्मान स्वीकारताना' असं लिहवलं आणि शोकसभेत त्याला पहिला हार स्वतः घातला. फोटो आजही संघाच्या मध्यवर्ती कार्यालयात लावलेला आहे. मध्यवर्ती कार्यालय म्हणजे झुंबरशेठच्या दुकानामागची, पंक्चर झालेल्या ट्यूब ठेवायची खोली.