आईचा सोमवार आणि कप्तानाचा साबुदाणा

आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या ज्या औषध कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे मला संशय घेण्याचा पगार मिळतो. कच्चा माल आला की तो कुठून आला, कुणी बनवला, वाटेत कुठे उतरवला हे कळेपर्यंत पिंपावर पिवळी चिठ्ठी लागते. पिवळी चिठ्ठी असलेल्या पिंपाला कुणी हात लावत नाही, मग साहेब कितीही घाईत असोत. घरी मात्र इतक्या वर्षांत मी कशालाच पिवळी चिठ्ठी लावली नव्हती. ते काम आईने केलं.

आई कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आली होती, आणि येताना संशय हातातल्या पिशवीतून घेऊन आली होती. दुकानात बिस्किटाचा पुडा उचलला की माझ्यापुढे धरायची, "वाच. अंडं हाय का बघ." मी वाचून नाही म्हणालो की तोच पुडा माझ्या मुलीला वाचायला लावायची. दोन साक्षीदार झाल्याशिवाय बिस्कीट तोंडात जात नसे. एका गोष्टीवर मात्र तिचा पूर्ण विश्वास होता, तो म्हणजे स्वतःचा सोमवार. वडिलांना हृदयाचा पहिला झटका आला तेव्हापासून ती सोमवार धरत होती. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, घरामागच्या कुंपणापलीकडे चरणाऱ्या गाईंसाठी एक घास, आणि मग स्वतः. पहिल्यांदा ती कुंपणाशी उभी दिसली तेव्हा गाईंचा मालक ट्रॅक्टर थांबवून बराच वेळ पाहत राहिला. संशय हा काही आमच्याच घरचा मक्ता नव्हे.

वडील सांगलीला माझ्या बहिणीकडे होते. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवायची होती. डॉक्टर म्हणाले, एका दिवसाचं काम. वडील म्हणाले, त्यासाठी कुणी विमानाची तिकिटं बदलू नका. आईने मान्य केलं, कारण तिचं म्हणणं असं की डॉक्टर जाळी बसवतील, पण माणूस टिकवायचं काम सोमवारचं, आणि सोमवार कुठूनही करता येतो.

जाळीच्या दहा दिवस आधी, एका शनिवारी, मी तिला आणि मुलीला बंदरावरचं प्रदर्शन बघायला नेलं. जुन्या गोदामात मोठमोठ्या समुद्रसफरींची चित्रं, नकाशे, एका गलबताची प्रतिकृती. उद्घाटन चाललं होतं. गळ्यात महापौरपदाची सोन्याची साखळी घातलेला माणूस धाडसाबद्दल बोलायला लागला की मी बाहेर जायचा दरवाजा कुठे आहे ते आधी बघून ठेवतो. क्षितिज, स्वप्न, अज्ञाताची ओढ, असं सगळं यथास्थित झालं. एका फलकावर लिहिलं होतं की इथला एक साधू कातड्याच्या होडीतून, त्या प्रसिद्ध कप्तानाच्या कितीतरी आधी, अमेरिकेला पोचला असावा. 'पोचला' ठळक अक्षरात आणि 'असावा' बारीक. मला घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडेही विमानं आधीच होती.

कप्तानाचं नाव मी इथे घेत नाही. देशांना, शहरांना आणि रस्त्यांना ते पुरेसं दिलेलं आहे.

आतल्या भिंतीवर कप्तानाच्या मागोमाग तिकडून काय काय आलं त्याची चित्रं होती. मुलगी पुढे पळत गेली आणि तिथून ओरडली, "आजी, युअर साबुदाणा इज ऑन द वॉल, लाईक!" तिला मराठी सगळं कळतं. ती बोलते मात्र इथल्या कॉर्क शहराचं इंग्रजी.

"साबुदाणा भिंतीवर कशाला लावलाय?" आईने विचारलं.

मी फलक वाचला आणि सरळ भाषांतर करून सांगितलं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद तिकडचा. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, रताळं तिकडचं, मिरची तिकडची. कप्तानाची जहाजं जाऊन आल्यावर हे सगळं जगभर पसरलं.

आई थांबली. "राजगिरा?"

"तोही."

"म्हंजे त्याच्या आधी उपासाला काय खात हुते?"

"वरी, शिंगाडा, फळं, दूध."

"आनि मग ह्ये कुनी घुसवलं?"

"माहीत नाही."

"कुनीच इचारलं न्हाई, कुठनं आलंय म्हणून?"

"नसेल विचारलं."

"तुमच्या कंपनीत इचारत्यात," ती म्हणाली, "आनि देवाच्या कामाला न्हाई."

शेजारच्या फलकावर तिथल्या मूळ माणसांबद्दल एकच ओळ होती: कप्तान जिथे उतरला त्या बेटांवरची लोकसंख्या पुढच्या काही दशकांत झपाट्याने घटली. घटली, म्हणजे आपली आपण. आमच्या कारखान्यातही कुणी पिंप आडवं केलं की अहवालात 'गळती झाली' असंच लिहितात, आणि मग मला जाऊन विचारावं लागतं की आडवं कुणी केलं. फलकावर देवीची साथ नव्हती, सोन्यासाठी खाणीत जुंपलेली गावं नव्हती, पळून जाणाऱ्यांमागे सोडलेले कुत्रे नव्हते. ते मी वेगवेगळ्या पुस्तकांतून वाचलेलं होतं, आणि तिथे आईला सांगितलं नाही. एका दिवसाला एवढं पुरे, असं मला वाटलं.

सोमवारी मी घरून काम करत होतो. दुपारी चहा घ्यायला खाली आलो तर आई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून.

"खिचडी खाल्लीस?"

"न्हाई."

"का?"

तिने स्वयंपाकघराकडे हात केला. मी प्रेस उघडलं. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात आणि महिन्याभरात आईही म्हणू लागली होती. आत बरण्यांवर माझ्या मुलीच्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्या होत्या. साबुदाणा, शेंगदाणे, राजगिरा, लाल तिखट, खाली टोपलीतले बटाटे. काजूच्या डब्यावर प्रश्नचिन्ह होतं, मुलीच्या अक्षरात. तिने शाळेत जाण्यापूर्वी आजीला मदत केलेली दिसत होती.

"अगं, तू शुगरच्या गोळ्या घेतेस. असं उपाशी चालत नाही. केळं तरी खा."

"केळ्यावर बघ काय चिकटवलंय. पोरीकडनं वाचून घेतलं मी."

केळ्यावरच्या गोल स्टिकरवर कोस्टा रिका लिहिलं होतं. केळं मुळात आपल्याकडचं, तिकडे नंतर गेलं, हे समजावायला मी तोंड उघडलं. पण तिचे हात थरथरत होते आणि कपाळ ओलं होतं. मी लिंबू पिळलं, भरपूर साखर घातली आणि पेला तिच्या ओठांशी नेला.

"साखर आपली न्हवं?"

"आपली. ऊस आपलाच आहे, आई."

ती प्यायली. हाच ऊस पुढे कप्तानाच्या जहाजातून त्या बेटांवर गेला आणि तिथे त्याने काय केलं, तो कापायला कुठून कुठून माणसं साखळ्यांत बांधून नेली, हे मी गिळून टाकलं. माझ्या नोकरीत अशी माहिती दडवली तर नोकरी जाते.

संध्याकाळी वडिलांना व्हिडिओवर घेतलं. मला वाटलं ते तिला हसवतील आणि प्रकरण मिटेल.

"काय गं," ते म्हणाले, "माझ्या आधी तू चाललीस व्हय? नंबर माझा हाय."

"तोंड सांभाळून बोला."

"बरं, इतकी वर्षं खाल्लास न्हवं साबुदाणा? मी जित्ता हाय न्हवं? मग कुनाचा का असंना, गुण आला."

"गुण आला का न्हाई कुनाला ठावं," आई म्हणाली. "दुसरा झटका आला त्या सोमवारी मी रताळं खाल्लं हुतं."

मला तेव्हा कळलं की दुपारपासून जिन्यावर बसून ती नुसती उपाशी नव्हती राहिली, तपास करत होती. एकेक सोमवार काढून बघत होती, त्या दिवशी पोटात काय होतं आणि आठवड्यात घरात काय झालं. असल्या तपासाला शेवट नसतो. ज्याला कारण हवं असतं त्याला ते सापडतं, हे मी रोज बघतो. जाळी पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी बसणार होती. आई म्हणाली, त्याच्या आदल्या सोमवारी ती पाणीही घेणार नाही. निदान एक तरी सोमवार चोख व्हायला हवा.

वडील म्हणाले, "तिला काहीतरी खायला घाल रं," आणि फोन ठेवला. एवढ्या चढ्या आवाजात ते कधी बोलत नाहीत.

आठवड्यात मी सगळे उपाय केले. बायको डब्लिनमध्ये कामाला होती, तिला तिकडच्या दुकानात वरी शोधायला लावली. दुकानदार म्हणाला, संपली, नवीन येईल, कधी ते सांगता येत नाही. गुरुवारी शेजारचे आजोबा त्यांच्या वाफ्यातले बटाटे घेऊन आले, पिशवीला अजून माती लागलेली. दर उन्हाळ्यात आणतात. आईने दारातच हात मागे घेतला. मला त्यांना सगळं सांगावं लागलं. आधी ते हसले, मग आईचा चेहरा बघून थांबले.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "बटाट्याला दोष देऊ नका. इंग्रजांच्या राज्यात आमच्याकडे बटाटा सडला आणि माणसं रस्त्याकडेला मेली, तेव्हा धान्य आणि लोणी बोटींत भरून बाहेर जातच होतं. इथूनच, या बंदरातून."

मी सांगितलं. आईने विचार केला. "त्यांना इचार, मग हे अजून कशापायी लावत्यात?"

"कारण चवीला चांगला लागतो," आजोबा म्हणाले. "दुसरं काय?"

आईने पिशवी घेतली. आत नेली नाही. दाराशीच, बुटांच्या शेजारी ठेवली.

रविवारी सकाळी ती साडी नेसून तयार होती. "मला ती भिंत पुन्ना दाखव," म्हणाली.

प्रदर्शनात आता कुणी नव्हतं. साखळीवाले निघून गेले की धाडस थोडं ओस पडतं. आई कप्तानाच्या मोठ्या चित्रासमोरून न थांबता गेली आणि कंदाच्या फलकाजवळ उभी राहिली. तिथे एक जुनं चित्र होतं, तिकडे जाऊन आलेल्या कुणा युरोपीय माणसाने काढलेलं. एक बाई जमिनीवर बसून खडबडीत पाटीवर कंद किसते आहे. मागे एक लांबट विणलेली नळी टांगलेली.

"ही अशी उघडी का बसलीया?"

"तिकडे गरम असतं."

"ती बसली असंल, न्हाईतर काढणाऱ्यानं बसवली असंल." मग म्हणाली, "ती नळी कशाची?"

मी वाचलं. तो कंद कच्चा खाल्ला तर विषारी असतो. किसायचा, त्या नळीत भरायचा, पिळून रस काढून टाकायचा, मग भाजायचा. त्याची भाकरी महिनोन् महिने टिकते. कप्तानाची माणसं जहाजावर तीच भाकरी घेऊन गेली.

"म्हंजे हिनं त्यांना जेवायला घातलं."

"हो. आधी राजीखुशीनं. पुढे बळजबरीनं."

"आनि मग?"

मी फलकाकडे बघितलं. तिथे 'घटली' होतं. मग मी शनिवारी न सांगितलेलं सांगितलं. सगळं नाही. साथ सांगितली, खाणी सांगितल्या.

आई चित्राच्या खाली बघत होती. "त्याचं नाव तिकडं हातभर लिवलंय. हिचं कुठं हाय?"

"नाही लिहिलेलं."

"बघ नीट."

मी नीट बघितलं. नव्हतं. तिने मुलीलाही बघायला लावलं. दुसरी साक्ष.

संध्याकाळी मला स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज आला. आई साबुदाणा धूत होती, दोनतीनदा, हाताने चोळून, पाणी नितळ होईपर्यंत. मग पाण्याचा हबका मारून झाकून ठेवला. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुधा तिने तो फेकून दिला असता.

सोमवारी तिने खिचडी केली. दाराजवळचे बटाटे आत आले होते, त्यातला एक घातला. गाईचा घास कुंपणापलीकडे ठेवला. मग दुसरा, केळीच्या पानाऐवजी कोबीच्या पानावर, कुंपणाच्या लाकडी खांबावर ठेवला. मी मागे उभा होतो.

"हा कुणाचा?"

"तिचा."

"पोचेल?"

"मला काय ठावं? इतकी वर्षं तिचं खाल्लं, एकदा इचारलं तर पायजे." मग माझ्याकडे वळून, "असा बघू नको. तुझ्याच्यानं व्हत नसंल तर आत जा."

मी आत गेलो. मला असल्या गोष्टींत लगेच नाटक दिसतं, आणि ते दिसत होतंच. पण खिडकीतून बघत राहिलो. एक मॅगपाय, कावळ्याच्या जातीचा इकडचा काळापांढरा पक्षी, खांबावर उतरला, पानाभोवती फिरला, मान वाकडी करून घास तपासला आणि न शिवता उडून गेला. आई हलली नाही. थोड्या वेळाने तो परत आला आणि घासाला शिवला. मग ती आत आली, हात धुतले आणि वाटीभर खिचडी खाल्ली, हळूहळू, एकेक दाणा ओळखीचा आहे का बघत असल्यासारखी.

मंगळवारी बहिणीचा फोन आला. जाळी बसली, वडील शुद्धीवर आहेत, चहा मागतायत आणि नर्सशी भांडतायत. मुलगी म्हणाली, "ग्रँड!" इकडे सगळं ठीक असलं की तसंच म्हणतात. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "दोन दिवस जाऊ देत. मग बघू."

नंतर मी प्रेसमधल्या चिठ्ठ्या काढायला गेलो. साबुदाण्याची तिने स्वतःच काढलेली होती, बटाट्याचीही. तिखटाच्या बरणीला मी हात लावला तर मागून आवाज आला.

"राहू दे ती. मिरचीवाल्यांचं अजून इचारायचं हाय."