रामदासचा कान

भोईवाड्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत कुणालाही विचारा, रामदास परबचं गॅरेज कुठंय. शेंबडं पोर पण हात धरून आणून सोडेल. गॅरेज म्हणजे काय, चाळीच्या भिंतीला टेकवलेली पत्र्याची शेड. आत एक गाडी मावते, दुसरी आली की रस्त्यावर. पण नाव असं की पार गिरगाव-कुलाब्याहून गाड्या येतात. रामदास नववीच्या पुढं शिकला नाही, आणि शिकला असता तरी त्याच्याकडे जे होतं ते कुठल्या शाळेत मिळालं नसतं. कान. असा कान परळ-लालबागात दुसरा झाला नाही, हे सांगायला कुणाच्या बापाची भीती नाही.

हातभर रबरी नळी. एक टोक कानात, दुसरं चालू इंजिनावरून फिरवायचं. बेअरिंग रडतंय का, हवा कुठनं चोरून आत शिरतेय का, सगळं त्याला त्या नळीतून कळायचं. त्याने नळी कानाला लावली की थोरला भाऊ अण्णा बाकड्यावरून उठायचा आणि हात वर करायचा. मग समोरचा डेंटिंगवाला हातोडा खाली ठेवायचा, चहावाला मनू स्टोव्ह बंद करायचा. गल्ली गप्प. एखादा नवखा हॉर्न मारायला गेला तर अण्णा असा बघायचा की त्याचा हात आपोआप मागं यायचा. रामदासला या लाईनीत आणला तो अण्णानेच. घरात बसून रस्त्यावरची बस कुठल्या नंबरची आली ते पोरगा आवाजावरून सांगतो, हे पहिलं अण्णाने हेरलं होतं.

पण गेल्या गणपतीपासून नळीतून काहीतरी कमी यायला लागलं. जाड आवाज यायचे, बारीक यायचे नाहीत. रामदासला वाटलं नळीत कचरा अडकलाय. नवी कापली. मग वाटलं कानात मळ असेल. डॉक्टरने बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाब म्हणून सांगितलं. रामदास कितीतरी वेळ बटणावर बोट ठेवून नुसता बसून राहिला. बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत, डॉक्टर बोलला. कानाचं मशीन लावून बघितलं. घरात ठीक होतं. इंजिनाजवळ गेला तर सगळंच एकदम अंगावर आलं, पत्र्यावर खडी ओतल्यासारखं. त्याने ते परत केलं.

कुणाला सांगितलं नाही. दोघा भावांचे वडील मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, साच्यांनी त्यांचे कान खाल्ले. शेवटी शेवटी ते समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघायचे आणि सगळे हसले की मागून हसायचे. एकदा जेवताना ललिता काहीतरी बोलत होती, आणि आपण बायकोच्या ओठांकडे तसंच बघतोय हे रामदासच्या ध्यानात आलं. त्याने नजर ताटात घातली.

अशात एका शनिवारी दुपारी उन्मेषची गाडी आली. फणसवाडीतलं जुनं गिऱ्हाईक. गाडी त्याच्या वडिलांची, फ्युएल इंजेक्शनची, पण त्यातली पहिली-वहिली. मागच्या सीटवर त्याची आई सरोजिनीबाई. त्या परळला डोळे दाखवायला आल्या होत्या.

"रामदास, आयडल खालीच येत नाहीये," उन्मेष बोलला. "सिग्नलला पाय काढला तरी काटा दोन हजारावर. गाडी नुसती पुढे ढकलते. एका वर्कशॉपमध्ये लॅपटॉप लावला, त्यात काहीच दिसलं नाही. म्हणाले, वय झालंय, भंगारात द्या."

"लॅपटॉपाक कान असतत काय?" अण्णा बाकड्यावरून बोलला. "कान हय आसा. बसा तुम्ही. मनू, दोन कटिंग सांग."

"सांग काय, मीच आणतो ना," मनू बोलला. "तुझ्याकडे बघून चहा पण घाबरतो, अण्णा."

रामदासने बोनेट उघडलं. उभ्या गाडीचं इंजिन कसं हळू गुरगुरायला पाहिजे, हे बोंबलत होतं. त्याने मनातल्या मनात गावच्या देवीला, म्हापणच्या सातेरीला सांगितलं, दोष डोळ्याला दिसेल असा असू दे. ॲक्सिलरेटरची केबल बघितली. ढिली होती, ओढलेली नव्हती. कूलंट बघितलं, भरलेलं होतं, इंजिन गरम होतं. म्हणजे इंजिन गार आहे समजून गाडीतला कॉम्प्युटर रेस देतोय असंही नाही. आयडलच्या व्हॉल्व्हचं कनेक्टर काढलं. काटा हलला नाही. मग एकच उरलं. कुठूनतरी फटीतून हवा आत जातेय. जेवढी हवा आत, तेवढं पेट्रोल कॉम्प्युटर देणार, आणि इंजिन पळणार. फट शोधायची.

त्याने पकड घेऊन एकेक पाइप दाबून बघितला. काटा तिथंच. क्लीनरचा फवारा मारला. फट असेल तिथं फवारा आत ओढला जातो आणि इंजिनाचा सूर बदलतो. सूर बदलला नाही. बदलला असेल आणि आपल्याला कळला नसेल, असं वाटून त्याने उन्मेषला विचारलं, "काटा हलला काय?"

"नाही."

"पकड काय घेऊन बसलास रे?" अण्णा बोलला. एव्हाना दोघं-तिघं जमले होते. "कान लाव आणि मोकळा कर माणसाला." आणि त्याने हात वर केला.

हातोडा थांबला. स्टोव्ह बंद झाला. रामदासने नळी कानाला लावली आणि डोळे मिटले. धडधड ऐकू आली. आणखी पुढं नेली. धडधड. जिथं हवा शिरते तिथं बारीक फुसफुस असते, ती त्याला झोपेत पण ओळखता आली असती. सगळ्या इंजिनावर नळी फिरवली, परत पहिल्यापासून फिरवली. नुसती धडधड. डोळे उघडायला नको वाटत होतं. उघडले की सगळे तोंडाकडे बघणार.

"जपून ऐकतोय," अण्णा लोकांना बोलला. "जुनी गाडी आहे ना."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एका टेंपोवाल्याने हॉर्न दाबून धरला. अण्णा तावातावाने तिकडं गेला, आणि तमाशा बघायला बाकीचे पण. उन्मेष ड्रायव्हर सीटवर फोनवर बोलत होता. सरोजिनीबाई दार उघडून हळूच उतरल्या, बोनेटपाशी आल्या आणि काहीतरी बोलल्या. रामदासला कळलं नाही. तो नुसता हसला.

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग बोनेटला वळसा घालून बरोबर त्याच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या, "त्या तिथे शिट्टी वाजतेय. कुकरची वाजायच्या आधी वाफ येते ना, तशी."

त्यांनी बोट दाखवलं तिथं, इंजिनाच्या पाठीमागं, ब्रेकच्या बूस्टरला जाणारा जाड पाइप होता. रामदासने हात खाली घातला. क्लॅम्पच्या खालच्या अंगाला, जिथं पकड पोचली नव्हती आणि फवारा पण, तिथं त्याचं बोट ओढलं गेलं. रबर चिरलं होतं. बोट दाबलं तसं बोंबलणारं इंजिन झपकन खाली बसलं. चिरलेल्या टोकावर त्याने बोट दाबून धरलं. तिथून एवढी हवा जात होती की बोनेटवर वाकलेल्या कुणालाही ऐकू आली असती.

"आमच्या ह्यांचंही असंच झालं होतं," सरोजिनीबाई तशाच सावकाश बोलल्या. "मी कुणाला सांगणार नाही हो."

रामदासने मान हलवली. वडिलांशी पण लोक असेच समोर येऊन, तोंड मोठं करून बोलायचे.

त्याने इंजिन बंद करून पाइपचं चिरलेलं टोक कापलं, परत चढवला, क्लॅम्प आवळला. सुरू केलं तेव्हा काटा आठशेवर उभा. इंजिन चालू आहे हे त्याला बोनेटवर हात ठेवल्यावर कळलं.

अण्णा परत आला आणि काटा बघूनच सुरू झाला. "काय सांगत होतो? नळी लावली आणि सापडलं. लॅपटॉप ठेव म्हणावं गळ्यात बांधून."

उन्मेषने रामदासचा हात हातात घेतला. सरोजिनीबाई गाडीत बसल्या. काच खाली होती, पण त्यांनी या बाजूला बघितलं नाही.

जमलेल्यांतला एक विनीत नावाचा गृहस्थ पुढं झाला. "माझी पण कटकट आहे, कुणाला सापडत नाही. बघतील का?"

"बघेल म्हणजे?" अण्णा बोलला. "आणा हय."

"अण्णा," रामदासने त्याचा दंड धरला. "जरा हय ये. तुका कायतरी सांगूचा आसा."

"मगे सांग रे. गिऱ्हाईक उभा आसा." अण्णाचा चेहरा आनंदाने फुलला होता. असा फुललेला तो रामदासने बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. मग अण्णा लोकांकडं वळून काहीतरी सांगायला लागला, बहुतेक त्या बसच्या नंबरांचं. त्याची पाठ होती. पाठीवरून रामदासला काही वाचता येत नव्हतं.

विनीतची गाडी शेडमध्ये आली. बोनेट वर गेलं. रामदासने नळी उचलली, फडक्याने पुसली आणि कानाला लावली, कारण सगळे त्याचीच वाट बघत होते. अण्णाने हात वर केला. डेंटिंगवाल्याने हातोडा खाली ठेवला, मनूने स्टोव्ह बंद केला, कडेवरच्या पोराला एका बाईने तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. सगळी गल्ली श्वास रोखून उभी राहिली. गल्ली गप्प झाल्याने रामदासला काही फरक कळला नाही, नळीत तीच धडधड. त्याने डोळे मिटून घेतले.